बागेत नुसतं हुंदडून मुलाचं नक्की काय होतं?

रानजाई
मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. संध्याकाळी त्याला बागेत नेते आणि यावरून सध्या घरात वाद पेटलाय. एका पक्षाचं म्हणणं असं की हाच वेळ एखाद्या क्लासला दिला तर काहीतरी शिकेल तरी. बागेत काय, पळतो, मातीत बसतो, घसरगुंडीवर उलटा चढतो आणि मळून घरी येतो. मला हे पटत नाही, पण वाद घालायला हाताशी मुद्दे नाहीत. "मुलांनी खेळायला हवं" एवढंच म्हणून भागत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. बागेतल्या खेळाने या वयात नेमकं काय घडतं? किती वेळ पुरेसा? आणि मी त्याच्या किती मागे-मागे फिरायचं? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे, कारण तो शिडीवर चढला की माझे हात आपोआप पुढे जातात.

खडूफळा
बालवाडीत शिकवते, त्यामुळे माझ्या बाजूने दिसतं ते सांगते. पालक विचारतात, "अजून पेन्सिल नीट धरत नाही, काय करू?" मी उलट विचारते, "लोंबकळतो का?"

अक्षर काढताना आपल्याला बोटं दिसतात, पण त्या बोटांना स्थिर ठेवतो तो खांदा आणि पाठ. शरीरावरचा ताबा साधारणपणे मधून बाहेर येतो: आधी धड, मग खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. खांदाच डगमगत असेल तर मूल पेन्सिल आवळून धरतं, दोन ओळीत थकतं आणि मग "लिहायचा कंटाळा करतो" असा शिक्का बसतो. शिडी चढणं, दांडीला लटकणं, झोक्याची साखळी घट्ट धरणं, ओल्या वाळूची बादली उचलणं यात खांदा, मनगट आणि पंजा तिन्ही कामाला लागतात. टेबलाशी बसवून रेघोट्या गिरवून घेण्यापेक्षा या वयात याचा उपयोग मला जास्त दिसलाय.

क्लासच्या विरोधात नाही मी. पण क्लासमध्ये पुढे काय करायचं ते बाई ठरवतात. बागेत मुलाला स्वतः ठरवावं लागतं की आता कुठे जायचं, कोणाबरोबर, किती वेळ आणि जमलं नाही तर काय. साडेतीन वर्षांच्या डोक्याला हे भरपूर काम आहे.

तिरकस
प्रत्येक गोष्टीला "विकास" चिकटवलाच पाहिजे का? पोर खेळतं कारण त्याला मजा येते. उद्या झोक्यालाही प्रगतिपुस्तक लावाल. (हलकेच घ्या.)

खडूफळा
तिरकस, मजा येत नसेल तर बाकीचं काही होतच नाही, त्यामुळे तुमच्याशी सहमतच आहे. पण घरातल्या विरोधी पक्षाला "मजा येते" हा मुद्दा चालत नाही ना!

मोरपंखी
मी फिजिओथेरपिस्ट. थोडं लांबेल, आधीच माफी.

आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका तीन वेगवेगळ्या प्रतलांत बसवलेल्या, त्या डोकं फिरलं की कळवतात. शिवाय दोन छोट्या पिशव्या, ज्यांत कॅल्शियमचे बारीक कण असतात. आपण पुढे-मागे, वर-खाली सरकलो किंवा डोकं कललं की त्या कणांच्या ओढीने मेंदूला बातमी जाते. आता बागेतली खेळणी बघा. झोका, घसरगुंडी, सी-सॉ, गोल फिरणारं चक्र: प्रत्येक खेळणं या यंत्रणेला वेगळ्या प्रकारे हलवतं. त्याच वेळी स्नायू आणि सांध्यांतून "माझा पाय कुठे आहे, किती जोर लागतोय" ही माहिती येत असते. डोळे, कान आणि सांधे यांच्या बातम्यांचा मेळ घालायला मेंदू शिकतो तो हालचाल करूनच. बसून हे शिकता येत नाही.

पडण्याबद्दल एक आकडा मला फार आवडतो. न्यूयॉर्कमधल्या संशोधक कॅरन अॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळ्या खेळातलं चालणं मोजलं. सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! चालायला शिकण्यातच इतकं पडणं धरलेलं असतं. उंचसखल गवत, वाळू, उतार, मुळं यांवर प्रत्येक पावलाला हिशेब बदलतो. घरातल्या सपाट फरशीवर तो एकच राहतो.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी. १ ते २ वर्षांनाही १८० मिनिटंच, फक्त जोराची अट नाही. ही मिनिटं सलग लागत नाहीत. घरातल्या उड्याही धरा, पण दम लागणारी ६० मिनिटं चार भिंतींत भरून काढणं शेजाऱ्यांना परवडत नाही.

रानजाई
मोरपंखी, १८० हा आकडा मी कालच घरात फेकला, चांगलीच शांतता पसरली. आभार!

एक शंका. तो अजून झोक्यावर स्वतः झोके घेऊ शकत नाही, ढकलावंच लागतं. त्याच्या बरोबरीची एक मुलगी घेते. काळजीचं आहे का?

मोरपंखी
अजिबात नाही. झोक्याच्या नेमक्या टोकाला अंग मागे टाकून पाय पुढे आणि परतताना उलट, हे वेळेवर जमावं लागतं. बऱ्याच मुलांना ते पाच वर्षांच्या आसपास साधतं, काहींना आधी, काहींना नंतर.

अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी, तिच्या मुलांच्या विकासाच्या यादीत अडीच वर्षांना दोन्ही पाय उचलून उडी, चार वर्षांना मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलणं आणि पाच वर्षांना एका पायावर लंगडी असे टप्पे आहेत. ७५ टक्के किंवा जास्त मुलांना त्या वयापर्यंत जमतं, असा त्यांचा निकष. यातलं बरंच काही एकदम मागे पडलेलं दिसलं, किंवा येत असलेलं जाऊ लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एकट्या झोक्यावरून काही ठरवू नका.

काजळ
डोळ्यांचा मुद्दा कोणीच काढला नाही, म्हणून.

लहानपणी बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी दिसतं. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये याचा रीतसर प्रयोग झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी तिथे ३०.४ टक्के मुलांना मायोपिया (म्हणजे हेच लांबचं अंधुक दिसणं) झाला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. फरक पूर्ण पुसणारा नाही, पण नुसतं बाहेर सोडण्याने एवढा पडत असेल तर स्वस्तच म्हणायचा.

कारण बहुधा उजेड. घरात दिवे लावून साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, बाहेर सावलीतही हजारोंत, उन्हात लाखाच्या घरात. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि त्याने डोळ्याचा गोळा अवाजवी लांब होण्याला आळा बसतो, असं मानलं जातं.

दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. हा प्रयोग सहा-सात वर्षांच्या मुलांवर झाला. आणि लागलेला चष्मा बागेत जाऊन उतरत नाही.

तिरकस
म्हणजे दिवेलागणीनंतर बागेत नेलं तर डोळ्यांना शून्य फायदा?

काजळ
डोळ्यांना जवळपास शून्यच. हातापायांना पूर्ण. उजेड असताना जमेल तेवढं जा. भर दुपारचं ऊन सोसायची गरज नाही, झाडाखालचा उजेड पुरतो.

उंबरठा
रानजाई, तुमच्या "हात आपोआप पुढे जातात" याबद्दल.

आमच्याकडे एकच नियम आहे: जे खेळणं मुलाला स्वतः चढता येतं, त्यावर तो चढेल. आम्ही उचलून वर ठेवत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण विचार करा. जो स्वतःच्या हातापायांनी चौथ्या पायरीवर पोचला, त्याला तिथून उतरण्याचा अंदाज असतो. ज्याला आपण उचलून ठेवलं त्याला तो नसतो, आणि तो आपल्या भरवशावर आणखी वर जातो.

धोका दोन प्रकारचा असतो आणि आपण दोन्हींची सरमिसळ करतो. एक मुलाला दिसतो: उंची, वेग, घसरडा दगड. तो बघून मूल थांबतं, मोजतं, पाय मागे घेतं, पुन्हा जातं. दुसरा त्याला दिसत नाही: सैल झालेला बोल्ट, कुजलेली फळी, गवतातली काच. दुसरा शोधून काढणं हे मोठ्यांचं काम. पहिला त्याचा त्याला पेलू द्यावा. नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धोक्याची हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टींची जवळीक, लुटुपुटीची कुस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड होणं. घसरगुंडीवर उलटं चढणारा तुमचा मुलगा पहिल्या दोहोंवर काम करतोय.

अवांतर: डेन्मार्कमध्ये १९४३ साली एम्ड्रप इथे भंगार सामानाचं मैदान काढलं होतं. फळ्या, विटा, हातोडे, आणि मुलं स्वतः बांधणार. रचनाकार कार्ल थेओडोर सोरेनसेन यांनी आधीच पाहिलं होतं की मुलं सजवलेल्या बागेपेक्षा पडीक जागेत आणि बांधकामावर जास्त रमतात. आजही बागेत लाख रंगीत खेळणी असू देत, पोरं काठी आणि डबक्यापाशीच सापडतात.

आणि "सांभाळ!" ओरडणं सोडा. त्या एका शब्दाने त्याला काहीच कळत नाही, फक्त घाबरतं. "उजवा पाय कुठे ठेवणार?" विचारा, किंवा गप्प राहा.

कोरा कागद
उंबरठा, तत्त्व म्हणून छान आहे. पण मी अस्थिरोग विभागात काम करतो, त्यामुळे मला बाग वेगळी दिसते. सगळ्याच जखमा शिकवणाऱ्या नसतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या नियमाच्या बाजूने जाते. घसरगुंडीवर लहान मुलाच्या पायाचं हाड मोडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मोठ्यांनी मांडीवर घेऊन घसरणं! पालक प्रेमाने, सुरक्षित म्हणून मांडीवर घेतात. घसरताना मुलाचा बूट कडेला किंवा पृष्ठभागावर अडकतो. मूल एकटं असतं तर थांबलं असतं, पाय सोडवला असता. पण मागे मोठ्या माणसाचं वजन आणि वेग असतो, ते थांबत नाही आणि पिंढरीचं हाड पिळवटतं. अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळात सहा वर्षांखालच्या सुमारे साडेतीन लाख मुलांना घसरगुंडीवर इजा झाल्याचा अंदाज एका अभ्यासात आहे. त्यात ३६ टक्के फ्रॅक्चर आणि सर्वाधिक मुलं १२ ते २३ महिन्यांची.

तेव्हा मांडीवर नको. एकटा घसरू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी अजून मोठी आहे.

उंबरठा
कोरा कागद, हे माहीत नव्हतं, आणि नियमाला इतकं ठोस कारण मी स्वतः देऊ शकलो नसतो. धन्यवाद.

वाळवंटी
धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझी अडचण वेगळी. मुलगी पावणेतीनची. बागेत जाते आणि नुसती उभी राहून बाकीच्यांना बघते. अर्धा-अर्धा तास. कोणी हाक मारली की माझ्या मागे. इतकं सगळं वाचून वाटतंय, तिला यातलं काहीच मिळत नाहीये का?

खडूफळा
मिळतंय. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी १९३२ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात "बघ्या"चा खेळ हा स्वतंत्र प्रकार आहे. मूल बघतं, हसतं, कधी काही बोलतं, पण आत शिरत नाही. मग शेजारी बसून तसंच काहीतरी खेळतं, मग देवाणघेवाण, आणि नंतर कुठे मिळून एकच खेळ. हे जिनेवार एका रांगेत घडतं असंही नाही, चार वर्षांचं मूलही नव्या बागेत आधी बघ्या होतं. तुम्ही-आम्ही नव्या ठिकाणी गेल्यावर काय करतो?

तिला ढकलू नका, "जा ना, खेळ ना" नको. तुम्ही वाळूपाशी बसून खड्डा खणायला लागा. जवळ येईल.

बाकावरचे आजोबा
दोन नातवंडांना घेऊन जातो. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणावरून सांगतो, बागेत मुलांना कंटाळा येत नाही, मोठ्यांना येतो. मग मोठे लोक शिकवायला लागतात. "हा रंग कोणता? किती पायऱ्या मोजल्या?" पोर बिचारं मुंगी बघत असतं.

भांडणातही हेच. एका झोक्यासाठी दोघं जुंपली की दोन्हीकडच्या आया उठतात. मी बसून राहतो. बहुतेक वेळा दोघांचं काहीतरी ठरतं, आणि ते आपण ठरवून दिलं असतं त्यापेक्षा विचित्र असतं. परवा ठरलं की एकाने बसायचं आणि दुसऱ्याने झोक्याखालून सरपटायचं! (ते मात्र थांबवलं.) हात उगारला, चावा घेतला किंवा एकच पोर रोज मागे पडायला लागलं तर उठतो. एरवी नाही.

तिरकस
आजोबा +१. धाग्यातला पहिला प्रतिसाद ज्यात मिनिटं नाहीत.

सांजवात
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. वरचं सगळं वाचताना एक गोष्ट जोडावीशी वाटली.

त्याच्यासाठी बाग म्हणजे आवाज, वेग आणि अचानक अंगावर येणारी मुलं. झोका मात्र त्याला हवाच असतो, लयीत हलल्यावर तो शांत होतो. दुसऱ्या एखाद्या मुलाचं नेमकं उलट असू शकतं, पाय जमिनीवरून सुटले की घाबरेल. म्हणून "सगळी मुलं झोक्यावर खूश" हे धरून चालू नका. आम्ही गर्दी नसते तेव्हा जातो, आधी एक कोपरा, एक खेळणं, आणि त्याने कान झाकले की निघतो. त्याला तिथे टिकवून धरण्याचा हट्ट करत नाही.

बागा बांधणाऱ्यांनी पाठीला टेकण असलेला एखादा झोका, चाकाची खुर्ची जाईल असा उतार आणि जमिनीलगत खेळता येईल असं काही ठेवलं, तर किती मुलं आत येतील! आणि बाकीच्या पालकांनो, टक लावून बघू नका. तुमच्या मुलाने विचारलं "तो असं का करतो?" तर त्याला गप्प करू नका. "त्याला आवाज जास्त वाटतो" एवढं उत्तर पुरतं.

मोरपंखी
सांजवात, अगदी बरोबर. गोल फिरवण्याबाबत खास सांगते: मूल स्वतः फिरत असेल तर स्वतः थांबतं, आपण फिरवत असलो तर त्याचा चेहरा बघत राहायचं. फिकट पडला, घाम आला की बास.

काजळ
मातीचं काय? "रोगप्रतिकारशक्ती वाढते" असं सगळीकडे वाचते.

कोरा कागद
फिनलंडमध्ये एक छान प्रयोग झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, झुडपं आणि हिरवळ आणून अंथरली आणि मुलांना रोज त्यात खेळू दिलं. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशींचं प्रमाण बदललं. पण त्यावरून "मुलं आजारी कमी पडली" असं कोणी म्हणू नये, ते त्यांनी दाखवलेलं नाही. मातीत खेळू द्या, खाण्याआधी हात साबणाने धुवा, कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली वाळू टाळा.

लिहितोच आहे तर नव्या बागेत गेल्यावर काय बघायचं तेही सांगतो. खेळण्याखाली काय आहे? काँक्रीट किंवा टणक जमीन असेल तर दुसरी बाग शोधा. सैल वाळू, लाकडाच्या बारीक ढलप्या किंवा रबर हवं, तेही खेळण्याच्या चहूबाजूंनी सहा फुटांपर्यंत. कठड्याच्या गजांमधली फट बघा: साडेतीन इंचांहून मोठी आणि नऊ इंचांहून लहान फट वाईट, कारण त्यातून अंग जातं आणि डोकं अडकतं. हे दोन्ही आकडे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेतले. टोपीच्या, जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या घसरगुंडीवर नकोत, आणि सायकलचं हेल्मेटही खेळण्यावर चढण्याआधी काढा, तेही अडकतं. उन्हात धातूची किंवा प्लॅस्टिकची घसरगुंडी आधी आपल्या हाताने तपासा, चटका लागतो.

रानजाई
घरातला विरोधी पक्ष आता बागेत यायला तयार झालाय, "बघू तरी" म्हणून. शेवटचा प्रश्न विचारते: निघायची वेळ झाली की होणारा आकांत! "पाच मिनिटांत निघायचं" सांगून काही फरक पडत नाही.

खडूफळा
साडेतीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही, त्यामुळे ती सूचनाच नाही. त्याला कळेल असं मोजमाप द्या: अजून दोनदा घसरगुंडी, मग एकदा झोका, मग चपला. कोणतं शेवटी ते त्याला ठरवू द्या. आणि दोन म्हणजे दोनच, तिसरी दिली की उद्यापासून बोलणी सुरू.

बाकावरचे आजोबा
आमच्याकडे धाकटी "शेवटची घसरगुंडी" म्हणून इतकी हळू वर चढते की तेवढ्यात माझी आणखी एक फेरी चालून होते. चालतं. ती नियम पाळतेच आहे.